माहुताच्या घराण्याची मोटरसायकल

रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी झालं तेव्हा आमच्या मोटरसायकलचे मागचे शॉकर सगळ्यात कडक खाचेवर होते. या दोन गोष्टींची एकत्र नोंद कुठल्या इतिहासात सापडणार नाही. पण आमच्या घरापुरतं सांगायचं तर राजधानीपेक्षा शॉकरचेच हादरे जास्त बसले.

मोटरसायकल बाबांची. ते रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून असताना, कायमच्या विलायतेला निघालेल्या एका ड्रायव्हरसाहेबाकडून त्यांनी ती घेतली, हत्यारांच्या कातडी पिशवीसकट. तेव्हा आई घरात नवी सून होती आणि आजी हयात होती. बाबा पुढे, आजी मधे, आई मागे, आणि आईच्या मांडीवर पंडरीच्या बाजारातून आणलेल्या कापडाचं गाठोडं, अशी वरात निघे. (मी जन्मलो नव्हतो, नाहीतर टाकीवर असतो.) एवढं ओझं पेलावं म्हणून आमच्या गल्लीतल्या फिरंता नावाच्या मिस्त्रीनं मागचे दोन्ही शॉकर कडक करून दिले.

हे काम तसं साधं. शॉकरच्या स्प्रिंगखाली एक कडं असतं, त्याला पायऱ्या असतात. कडं एकीकडे फिरवलं की स्प्रिंग दबते आणि गाडी कडक होते. उलट फिरवलं की मऊ. फिरवायला लागतो वीतभर लांबीचा, टोकाला आकड्यासारखा वाकलेला पाना. आकडा कड्यात अडकवायचा आणि ओढायचं. फिरंतानं ओढलं, झालं.

त्याच वर्षी दिवाळीत गाडी धुताना बाबांनी पिशवी उघडली, तर नेमका तोच पाना नाही. शेवटचा तो फिरंताच्या हातात पाहिलेला. फिरंता म्हणाला, आपण पिशवीत परत टाकला होता. बाबांनी विचारलं, मग काय पंख फुटले त्याला? त्या दिवसापासून बाबांनी फिरंताचं तोंड पाहिलं नाही. दुकान आमच्या बूढापाऱ्यातल्या घरापासून चाळीस पावलांवर, तलावाच्या वाटेवर उजव्या हाताला. त्यामुळे बाबांना तीस-बत्तीस वर्षं मान डावीकडे वळवून चालावं लागलं. त्यांच्या मणक्याचं दुखणं त्यातूनच सुरू झालं असावं, असा माझा कयास आहे. डॉक्टरांना पटला नाही.

तर राजधानी. ज्या दवाखान्यात लहानपणी मला सुया टोचल्या, तिथे मंत्रालय आलं. कालपर्यंत स्कूटरला किक मारून दमणारे लोक लाल दिव्याच्या गाडीतून हात हलवू लागले. आमच्या पानवाल्यानं पाटीवर स्वतःच्या नावाआधी 'राजधानी' असं रंगवून घेतलं, पान तेच. सगळ्या शहराला अचानक इतिहास लागायला लागला. ज्याच्याकडे नव्हता त्यानं करवून घेतला.

या सगळ्याला मी हसत होतो. हसता हसता मी मराठी मंडळाच्या स्मरणिकेत दोन पानी लेख लिहिला: 'आमच्या घराण्याचा अंकुश'. आमच्या देवघरात गणपतीपुढे शेंदरानं माखलेला एक लोखंडी आकडा पिढीजात होता. घरात त्याला अंकुश म्हणत. मी लेखात सिद्ध केलं की आमचे मूळ पुरुष मराठी फौजेबरोबर छत्तीसगडात आले ते हत्तीवरचे माहूत म्हणून. अंकुश वीतभरच का? तर लाकडी दांडा काळाच्या ओघात गेला. शेंदराखाली बोटाला काही अक्षरं लागत. ती मोडी लिपीतली असून 'अद्याप वाचता आलेली नाहीत', असं मी छापून टाकलं. लेख वाचून मंडळाचे अध्यक्ष भर सभेत माझ्या पाया पडायला वाकले. मीही त्यांना जरा उशिरानंच अडवलं.

अशात जाहीर झालं की राज्याच्या पहिल्या वाढदिवसाला जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार आणि मंत्री झेंडा दाखवणार. मी हसलो. बाबा हसले नाहीत.

"मले बसायचं आहे," ते म्हणाले.

"कशावर?"

"माह्या गाडीवर. तू चालव, मी मागं बसतो. राज्य झालं तं राजधानी एकदा पाहून घेतो. ऑटोतून काय राजधानी पाह्यतात?"

बाबांनी सात-आठ वर्षांत काही मागितलं नव्हतं. गाडीही तेवढीच वर्षं अंगणात गोणपाटाखाली होती. मी ती सुरू करून घेतली आणि फॉर्म भरला. त्यात 'वाहनाचे ऐतिहासिक महत्त्व' असा रकाना होता. जागा बरीच होती, म्हणून मी माहुताचं घराणंही तिथे घालून दिलं.

मग सरावासाठी बाबांना मागे बसवून तलावाला फेरी मारली. आता ती गाडी तीन माणसं आणि गाठोडं यांच्यासाठी कडक केलेली, आणि बाबा उरलेले मूठभर. राजधानी झाल्यापासून बड्या माणसांच्या दारापुढे नवे गतिरोधक आले होते. पहिल्याला बाबा उडाले. दुसऱ्याला उडाले ते मला हवेत जाणवले, कारण त्यांनी धरलेले माझे खांदे हलके झाले. घरी येऊन ते तीन दिवस गरम पाण्याच्या पिशवीवर पडून होते.

आईनं निकाल दिला. गाडी मऊ होईल तर ते बसतील. नाही झाली तर मिरवणूक घरून टीव्हीवर पाहतील.

बाबा छताकडे पाहत म्हणाले, "ऐकलं ना, दिलीप? आता तुह्या हातात आहे."

माझ्या हातात काही नव्हतं, तीच अडचण होती. मी शहरातले पाच मिस्त्री केले. पाचांनी गाडीकडे पाहून हात जोडले, पाना नाही म्हणून सांगितलं आणि छन्नी-हातोडी उचलली. कड्याला छन्नी लावायची, वर दोन ठोके, फिरतं की भैया! मी घरी येऊन बाबांना विचारलं.

"छन्नी लावशीन तं गाडी तिथंच सोडून पायी येजो," बाबा म्हणाले. "आन् घरी नको येऊ."

एका मिस्त्रीनं सुचवलं की असली जुनी हत्यारं शहरात एकाच माणसाकडे असतील, फिरंताकडे. हे मी घरी बोललो नाही. बाबांनी तरीही ओळखलं आणि मान डावीकडे केली.

मग मी भनपुरीला गेलो. तिथे ट्रकांची दुनिया. एका दुकानदारानं माझं ऐकून घेतलं, 'हव, मिल जाही' म्हणाला आणि आतून आकड्याचा पाना काढून दिला. तो माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब होता. मला वाटलं, मोठा आहे तर चांगलंच आहे, जोर जास्त लागेल. (मी लेखकच होतो.) वर्तमानपत्रात गुंडाळून निघालो. टोक बाहेर राहिलं.

वाटेत चौकात शिट्ट्या झाल्या. मंत्री जायचे होते. सगळ्यांना दोरीमागे उभं केलं आणि एका हवालदाराची नजर वर्तमानपत्राबाहेरच्या आकड्यावर पडली.

"ये क्या है?"

"पाना है."

"किसके लिए?"

"पिताजी की कमर के लिए."

खरं तेच सांगितलं होतं. पण ऐकताना ते बरं वाटलं नाही, हे माझ्याही लक्षात आलं. मी समजावू लागलो की पिताजींना मंत्र्यांसमोरून जायचं आहे, आणि त्याआधी हा पाना लावून त्यांना मऊ करायचं आहे, म्हणजे पिताजींना नाही, मंत्र्यांनाही नाही... हवालदारानं मला हाताला धरून झाडाखाली बसवलं आणि पाना स्वतःच्या मांडीवर ठेवला. मंत्री दीड तासानं गेले. सतरा गाड्या मी मोजल्या. अठराव्यात फक्त हार होते.

घरी येऊन पाना कड्याला लावला. कडं त्या आकड्यातून असं आरपार गेलं की बांगडीत करंगळी. मी जोर लावला, पाना सटकला, बोटांची चार पेरं सोलून निघाली.

आता माझा स्वाभिमान जागा झाला. हत्यार म्हणजे काय, वाकडं लोखंड. घरात वाकडं लोखंड कमी आहे का? स्वयंपाकघरात विळी दिसली. विळीच्या टोकाला नारळ खवायची दातेरी चकती असते; ती कड्याच्या खाचेत झकास बसली. माझ्या तोंडून शीळ निघाली. मी ओढलं. कट्‌ असा आवाज आला. कडं जागेवर होतं. चकती माझ्या हातात आणि विळी पायाशी.

ही विळी माझ्या बायकोच्या, वंदनाच्या, माहेरची होती. तिनं दोन्ही तुकडे उचलले, जुळवून पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "आता खोबरं शॉकरवर किसत जा."

मिरवणुकीला आठवडा उरला आणि खंडेनवमी आली. हा हत्यारांच्या पूजेचा दिवस. आमच्याकडे रिवाज असा की घरातली सगळी हत्यारं, सुरी-कातरीपासून शिवणयंत्रापर्यंत, देवघरापुढे पाटावर मांडायची. मी भनपुरीचा पाना मांडला. वंदनानं विळीचे दोन्ही तुकडे शेजारी मांडले, सगळ्यांना दिसतील असे. आईनं नेहमीप्रमाणे अंकुश बाहेर काढला. त्याची अंघोळ वेगळ्या ताटलीत होत असे, आजीच्या वेळेपासून.

आईनं पाणी घातलं आणि शेंदराची एक जाड खपली सुटून ताटलीत पडली. मग दुसरी. आई जागच्या जागी थांबली.

"अवो, देवानं कवच सोडलं," ती हलक्या आवाजात म्हणाली, आणि पदर डोक्यावर घेतला.

अक्षरं! भिंग आणलं. सगळ्यांना जवळ बोलावलं. खाटेवरून बाबांनाही उठवलं. उभं राहून, भाषणाला लागतो त्या आवाजात मी सांगितलं की आज आपल्या घराण्याचा लेख प्रथमच वाचला जाणार आहे. पहिलं अक्षर मोडीतल्या 'म'च्या वळणाचं वाटत होतं. दुसऱ्याशी मी बराच अडलो.

वंदनानं माझ्या खांद्यावरून पाहिलं. "मेड इन इंग्लंड लिहिलं आहे," ती म्हणाली. "चमच्यांवर असते तसं."

बाबांनी हात पुढे केला, चष्मा वर केला, अंकुश उलटासुलटा केला. आकड्याला अंगठा लावून पाहिला.

"हा तं माहा पाना आहे," ते म्हणाले.

मग हळूहळू जे बाहेर आलं ते असं. गाडी घेतली त्या वर्षी खंडेनवमीला बाबांनी अख्खी कातडी पिशवी देवापुढे रिकामी केली होती. दुसऱ्या दिवशी हत्यारं उचलली. हा एक फुलांखाली राहिला. निर्माल्य काढताना आईला दिसला. नव्या सुनेला वाटलं, सासूबाईंचा देव आहे. विचारलं तर म्हणतील, माहेरी देव ओळखायलाही शिकवलं नाही का. तिनं गुपचूप शेंदूर लावला. आजीला शेंदूर दिसला. तिला वाटलं, सुनेनं माहेरचा देव आणून बसवला. ती बाबांच्या कानात म्हणाली, काही बोलू नको, पोरीला वाईट वाटेल. आणि व्याह्यांचा देव आपल्यात मिसळू नये म्हणून त्याला वेगळ्या ताटलीत अंघोळ घालू लागली. आईला वाटलं, वेगळी ताटली म्हणजे मान मोठा. तिनं शेंदूर वाढवला. अशा रीतीनं दोघी एकमेकींना दुखवू नये म्हणून आजीच्या अखेरपर्यंत एका पान्याची पूजा करत राहिल्या. बाबांनी पाहिलं नाही, कारण देवघर हे बायकांचं खातं. आणि मी पाहिलं तेव्हा मला थेट हत्ती दिसला.

आईनं ताटलीतल्या शेंदराच्या खपल्या वेचून घेतल्या. मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "पाना असो का काही असो. इतकी वर्षं मी हात जोडले त्याले. आता तो देव आहे. देवाले ग्रीस लागू देणार नाही मी."

बाबा तिच्याजवळ बसले. मणका दुखत असताना खाली बसले, हे सगळ्यांनी पाहिलं. "देवाचं काम काय असते?" त्यांनी विचारलं. "भक्ताची कंबर सांभाळणं. मग करू दे त्याले काम."

आईनं विचार केला आणि परवानगी दिली. अट एकच, आधी नमस्कार.

नमस्कार करून मी पाना कड्यात घातला. तो असा बसला की मला पहिल्यांदा कळलं, योग्य हत्यार म्हणजे काय. ओढलं. कडं हललं नाही. लटकलो. मी हललो, कडं नाही. इतक्या वर्षांचा गंज होता. बाबा दाराशी उभे राहून पाहत होते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "सोड. हे फिरंताचं काम आहे."

"मी घेऊन जाऊ?"

"नाही. पाना मी घेऊन जाईन."

आणि आमच्या घराण्याची खरी मिरवणूक निघाली. पुढे बाबा, हातात पितळी ताट, ताटात रेशमी कापडाखाली पाना. मागे मी मोटरसायकल ढकलत. त्यामागे आई, देवावर लक्ष ठेवायला, आणि वंदना, माझ्यावर. दारादारांतून लोक पाहत होते. पानवाल्यानं तर हात जोडले. चाळीस पावलं. बाबांनी मान सरळ ठेवली होती, आणि दुकानापाशी ती उजवीकडे वळली.

फिरंता टायरवर बसून कार्बोरेटर पुसत होता. फार म्हातारा झाला होता, तेही बाबांना आजच दिसलं असणार. त्यानं ताटाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. बाबांनी कापड काढलं. ताट पुढे केलं.

फिरंतानं पाना उचलून उन्हात धरला. शेंदूर त्याच्या बोटांना लागला.

"हव बाबूजी, इही आय," तो म्हणाला, म्हणजे हाच तो. मग बोटांचा शेंदूर पाहत, "पूजा इसकी करते रहे, और गाली हमको देते रहे."

बाबांची मान खाली गेली.

"चूक झाली फिरंता," बाबा मराठीतच म्हणाले.

फिरंताला मराठी येत नव्हती. पण त्यानं पायानं दुसरा टायर बाबांकडे सरकवला. बाबा बसले. "पहले गाड़ी, फिर चाय," फिरंता म्हणाला. त्यानं कड्यावर घासलेट सोडलं, बिडी संपेपर्यंत थांबला, पाना कपाळाला लावला (आईनं समाधानानं मान हलवली) आणि खाचेत अडकवून मनगटाला एक झटका दिला. टक्‌. कडं एक पायरी उतरलं. टक्‌. टक्‌. दोन्ही बाजू मिळून त्याला पाच मिनिटं लागली. चहाला दोन तास.

मिरवणुकीच्या दिवशी मंत्री नेहमीप्रमाणे आले, म्हणजे आम्ही आधी तीन तास उभे राहिलो. नंतर मात्र गाडी अशी चालली की गतिरोधक लोण्याचे वाटावेत. मी अधूनमधून ओरडून विचारत होतो, बाबा, राजधानी पाहिली का? उत्तर येईना. घाबरून आरशात पाहिलं. बाबा माझ्या पाठीला गाल टेकून गाढ झोपले होते. गाडी इतकी मऊ झाली होती.

व्यासपीठासमोर आलो तेव्हा निवेदकानं माझा फॉर्म उघडला आणि भोंग्यातून सगळ्या शहराला ऐकवलं, "और अब पधार रहे हैं, ऐतिहासिक महावत घराने के वंशज!" त्या आवाजानं बाबा जागे झाले, मंत्र्यांना नमस्कार करून माझ्या कानात म्हणाले, "तो आपल्याले म्हणून राहिला का रे?"

पाना आता पुन्हा देवघरात आहे, वेगळ्या ताटलीसकट. दर खंडेनवमीला फिरंता जेवायला येतो आणि त्याला तेल लावून जातो. मंडळाच्या लोकांनी स्मरणिकेत दुरुस्ती छापायला सांगितली, ती मी लगेच लिहून दिली. मोडी लिपी मागे घेतली, मराठी फौज मागे घेतली, मूळ पुरुषही मागे घेतले. हत्ती मात्र मी ठेवला आहे. अंकुश खरोखरच हत्तीचा निघाला. फक्त तो हत्ती पेट्रोलवर चालतो, आणि अंकुश कुठे लावायचा हे त्याच्या माहुताला फिरंता मिस्त्रीकडून शिकावं लागलं.